बास्केटबॉलचे नियम असे का? उत्तर शोधायचं तर जॉर्ज मायकनकडे जावं लागतं

बास्केटबॉलची मॅच पहिल्यांदा बघणारा माणूस काही ठिकाणी हमखास अडखळतो. चेंडू रिंगकडे खाली येत असताना बचाव करणाऱ्याने तो अगदी सफाईने उडवला, तरी पंच समोरच्या संघाला गुण का देतात? रिंगखाली जमिनीवर तो रंगवलेला चौकोनी पट्टा कशासाठी असतो, आणि त्यात जरा जास्त वेळ उभं राहिलं की शिट्टी का वाजते? बोर्डाच्या वर २४ सेकंदांचं घड्याळ का धावतं? लांबून टाकलेल्या चेंडूला दोनाऐवजी तीन गुण का?

यातला एकही नियम १८९१च्या डिसेंबरमध्ये नव्हता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने वायएमसीएच्या व्यायामशाळेत पीच फळांच्या दोन टोपल्या कठड्याला ठोकल्या आणि १३ नियम लिहून भिंतीवर लावले, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न साधा होता. हिवाळ्यात बाहेर पडता न येणाऱ्या पोरांना आत कोंडून ठेवून काय खेळायला लावायचं? कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर गेली, आणि आजही ती तिथेच आहे. एखादा माणूस नुसता हात वर करून टोपलीच्या तोंडाशी पोहोचेल आणि दिवसभर तिथेच मुक्काम ठोकेल, हे नेस्मिथच्या नियमांत कुठेच धरलेलं नव्हतं.

तो माणूस पन्नास वर्षांनी आला. नाव जॉर्ज मायकन, उंची ६ फूट १० इंच, डोळ्यांवर जाड काचांचा गोल चष्मा. वर विचारलेल्या चारही प्रश्नांच्या उत्तरात कुठे ना कुठे तो उभा आहे. कुठे नियम थेट त्याला रोखायला झाला, कुठे तो अनेक कारणांपैकी एक होता, आणि शेवटचा नियम तर त्याने स्वतःच आणला. म्हणून नियमांचं पुस्तक घेऊन बसण्यापेक्षा या एका माणसाचं आयुष्य समजून घेतलं, तर बास्केटबॉल जास्त लवकर कळतो असं माझं ठाम मत आहे.

मायकनचा जन्म १८ जून १९२४चा, शिकागोजवळच्या जोलिएट गावातला. वडील क्रोएशियन वंशाचे, आई लिथुआनियन. घरचा व्यवसाय खानावळ आणि बारचा. पोरगा लहानपणापासून ताडमाड वाढलेला, पण खेळाडू म्हणून त्याच्याकडे कुणी बघावं असं त्याच्यात काही दिसत नव्हतं. शाळकरी वयात गुडघा मोडला आणि जवळपास दीड वर्ष अंथरुणात गेलं. नजर अधू. त्या काळी चष्मा लावून मैदानात उतरणं कोचच्या डोक्यातच बसायचं नाही, त्यामुळे शाळेच्या संघातून त्याला बाहेर काढलं गेलं. त्याच्या मनात तर पाद्री व्हायचं होतं आणि त्यासाठी शिकागोच्या क्विग्ली सेमिनरीत त्याने शिक्षणही घेतलं. पुढे नोत्र दाम विद्यापीठात निवड चाचणीला गेला, तर तिथल्या जॉर्ज किओगन या नामवंत कोचने त्याला परत पाठवलं. हा मुलगा बेढब आहे, त्याने अभ्यासात लक्ष घालावं, असा तो सल्ला होता.

हे वाचून किओगनला हसणं सोपं आहे, पण त्याच्या जागी दुसरा कुणीही असता तरी तेच म्हणाला असता. तेव्हाचा बास्केटबॉल चपळ, मध्यम उंचीच्या पोरांचा खेळ होता. फार उंच माणूस म्हणजे पाय अडखळणारा, वळायला वेळ लावणारा, चेंडू हातातून सोडणारा, हा समज सगळीकडे पक्का होता. उंच पोरांना कुणी मन लावून शिकवतच नव्हतं, त्यामुळे ती तशीच राहायची आणि समज आणखी पक्का व्हायचा.

हे चक्र तोडलं रे मायर यांनी. १९४२ साली, अवघ्या २८व्या वर्षी, ते शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाचे मुख्य कोच झाले. त्यांनी मायकनला संघात घेतलं आणि अक्षरशः पहिलीपासून शिकवायला घेतलं. दोरीवरच्या उड्या, मुठी मारायची बॉक्सिंगची बॅग, धावणं. पाय हलके पडावेत म्हणून नाचाचे धडे, त्यासाठी कॉलेजातल्याच एका मुलीला शिकवणी लावली. संघातल्या बुटक्या आणि वेगवान खेळाडूला एकास एक रोखायची शिक्षा. आणि रोज शेकड्यांनी हुक शॉट, उजव्या हाताने जितके तितकेच डाव्या हाताने.

हुक शॉट म्हणजे काय ते इथेच सांगतो, कारण मायकनचं निम्मं साम्राज्य त्याच्यावर उभं आहे. खेळाडू रिंगकडे तोंड न करता कडेने उभा राहतो. रिंगपासून दूर असलेल्या हातात चेंडू, आणि दुसरा हात व त्या बाजूचा खांदा अडवणारा खेळाडू व चेंडू यांच्या मध्ये. मग चेंडूचा हात खालून वर, डोक्यावरून कमान काढत जातो आणि बोटांच्या टोकांवरून चेंडू रिंगकडे सुटतो. अडवणाऱ्याला चेंडूपर्यंत पोहोचायचं तर आधी समोरच्याचं अख्खं शरीर ओलांडावं लागतं. आता ते शरीर ६ फूट १० इंचांचं आणि शंभर किलोंच्या पुढचं असेल, आणि हुक दोन्ही हातांनी सारखाच बसत असेल, तर अडवायचं तरी कुठल्या बाजूने?

मायर यांच्या त्या मेहनतीतली एक गोष्ट आज जगभर मायकन ड्रिल म्हणून ओळखली जाते. नागपाडा असो की नागपूर, ज्या मुलांना कोचने रिंगखालचा खेळ नीट शिकवला आहे त्यांनी ती नावासकट किंवा नावाशिवाय केलेली असणार. रिंगच्या अगदी खाली, जरा उजवीकडे उभं राहायचं. डाव्या पायावर उडी घेत उजव्या हाताने चेंडू बोर्डाच्या चौकोनावर टेकवून आत टाकायचा. जाळीतून पडणारा चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही, दोन्ही हातांनी हनुवटीच्या वरच पकडायचा. तिथूनच एक पाऊल डावीकडे, उजव्या पायावर उडी, डाव्या हाताने टाकायचा. पुन्हा उजवीकडे. न थांबता. बघायला पोरखेळ वाटतो, पण अर्ध्या मिनिटात पोटऱ्या भरून येतात आणि कमजोर हात कुठला ते लपत नाही. चेंडू छातीपाशी खाली आणायची खोड याने मोडते, आणि रिंगखाली तीच सर्वांत महाग पडते, कारण खाली आलेला चेंडू बुटका खेळाडूही हिसकावतो.

डीपॉलमध्ये मायकन तयार झाला तसा पहिला नियम बदलला. मायर यांनी त्याला बचावात थेट रिंगपाशी उभं केलं होतं. समोरच्याचा चेंडू रिंगकडे उतरू लागला की मायकन उडी मारून तो बाहेर फेकायचा. नियमात याला कुठेच मनाई नव्हती. ओक्लाहोमा ए अँड एमचा बॉब कर्लंड हा जवळपास सात फुटी खेळाडूही तेच करत होता. दोघांपुढे नेमबाजीला अर्थच उरेना. चेंडू कितीही अचूक टाकला तरी शेवटचा अर्धा फूट मायकनच्या किंवा कर्लंडच्या मालकीचा. अखेर १९४४मध्ये कॉलेज बास्केटबॉलने गोलटेंडिंगवर बंदी आणली. चेंडू रिंगकडे खाली येऊ लागला, की त्याला बचाव करणाऱ्याने हात लावायचा नाही. लावला तर गुण दिले जाणार. वर जाणारा चेंडू अडवायला आजही मुभा आहे, उतरणारा नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे.

या बंदीने मायकनचं काही बिघडलं का? उलट झालं. १९४५च्या एनआयटी या कॉलेज संघांच्या स्पर्धेत, जी तेव्हा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये व्हायची आणि मानाची होती, डीपॉलने उपांत्य सामन्यात रोड आयलंड स्टेटला ९७-५३ असं हरवलं. त्यातले ५३ गुण एकट्या मायकनचे होते. म्हणजे समोरच्या अख्ख्या संघाइतके. स्पर्धेतल्या तीन सामन्यांत त्याचे मिळून १२० गुण झाले आणि डीपॉल जिंकलं.

१९४६ साली तो व्यावसायिक झाला. शिकागो अमेरिकन गिअर्स या संघाने पाच वर्षांसाठी ६०,००० डॉलरचा करार केला, त्या काळाच्या बास्केटबॉलमध्ये डोळे विस्फारणारा. तेव्हाचा व्यावसायिक बास्केटबॉल म्हणजे आजच्या एनबीएचं, अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगचं, चकचकीत रूप डोळ्यांसमोर आणू नका. लीग उभ्या राहायच्या आणि कोसळायच्या. गिअर्सने १९४७ला नॅशनल बास्केटबॉल लीग, म्हणजे एनबीएल, जिंकली, लगेच मालकाने त्यातून बाहेर पडून स्वतःचीच वेगळी लीग काढली आणि ती काही आठवड्यांत बुडाली. खेळाडूंची वाटणी झाली, तीत मायकन मिनिआपोलिस लेकर्सच्या वाट्याला आला. डेट्रॉईटचा तळाला राहिलेला संघ विकत घेऊन मिनिआपोलिसकरांनी लेकर्स उभा केला होता, म्हणून निवडीचा पहिला मान त्यांचा. आज लॉस एंजेलिसचा म्हणून ओळखला जाणारा लेकर्स तो हाच, फक्त १९६०पर्यंत तो मिनेसोटाच्या थंडीत खेळायचा.

कोच जॉन कुंडला, सोबत जिम पोलार्ड, आणि पुढे व्हर्न मिकलसन आणि स्लेटर मार्टिन. या संघाने १९४८ला एनबीएल, १९४९ला बीएए ही दुसरी लीग, आणि दोन्ही लीग एकत्र येऊन एनबीए झाल्यावर १९५०, १९५२, १९५३, १९५४ अशी विजेतेपदं जिंकली. सात हंगामांत सहा. हुकलेलं एक १९५१चं, तेव्हा मायकन मोडलेल्या पायाने खेळत होता. मोडलेल्या हाडांनी खेळणं त्याला नवीन नव्हतंच. १९४९च्या अंतिम मालिकेत वॉशिंग्टनविरुद्ध त्याचं मनगट मोडलं, पुढच्या सामन्यात प्लास्टर घालून उतरला आणि २२ गुण करून गेला. पूर्ण कारकिर्दीत त्याची दहा हाडं मोडली आणि १६६ टाके पडले, अशी नोंद सांगितली जाते. यात नुसतं शौर्य बघू नका. रिंगखालचा तेव्हाचा खेळ म्हणजे कोपरांची मारामारी होती. मायकन मार खायचा तसा द्यायचाही. त्याच्या कोपरांची दहशत अख्ख्या लीगला होती.

लीगचा धंदा किती त्याच्यावर चालायचा हे १३ डिसेंबर १९४९च्या एका पाटीवरून कळतं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या बाहेर त्या रात्री लिहिलेलं होतं, ‘जॉर्ज मायकन विरुद्ध निक्स’. निक्स म्हणजे न्यूयॉर्कचा संघ. लेकर्सचं नावच नाही. आत ड्रेसिंग रूममध्ये सहकारी कपडे न बदलता बसून राहिले आणि त्याला म्हणाले, पाटीवर तुझंच नाव आहे ना, मग जा, तूच खेळ. थट्टाच होती ती, पण लीगचे मालकही मनातून त्या पाटीशी सहमत होते.

आता रंगवलेल्या पट्ट्याकडे येऊ. फ्री थ्रोच्या, म्हणजे फाऊलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या, रेषेपासून रिंगखालपर्यंत जाणारा हा पट्टा. आक्रमण करणाऱ्या संघाच्या खेळाडूने त्यात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, हा नियम १९३०च्या दशकातच आला होता. पण तेव्हा पट्टा होता फक्त सहा फूट रुंद. हिशेब करून बघा. रिंग बरोबर मध्यावर, म्हणजे तिच्या केंद्रापासून पट्ट्याची कड दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांवर. मायकनसारखा माणूस पट्ट्याच्या बाहेर पाय रोवून बिनधास्त उभा राहायचा. नियम मोडलेला नाही, वेळेचं बंधन नाही, आणि चेंडू हातात आला की एक पाऊल टाकून वळलं की रिंग डोक्यावर. तीन सेकंद मोजायची वेळच यायची नाही. १९५०-५१च्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे २८.४ गुणांची होती, आणि त्या काळी अख्ख्या संघाचे ऐंशी-पंचाऐंशी गुण व्हायचे.

१९५१-५२पासून एनबीएने पट्टा बारा फुटांचा केला. लोक त्याला सरळ मायकन नियमच म्हणू लागले. कड रिंगच्या केंद्रापासून सहा फुटांवर गेली. वाचायला तीन फुटांचा फरक, पण रिंगखाली तीन फूट म्हणजे फार मोठं अंतर. आता पाठ टेकून एका पावलात काम होईना. दोन पावलं टाकायची, त्यात चेंडू एकदा जमिनीवर आपटावा लागणार, तेवढ्यात दुसरा बचाव करणारा मदतीला येणार. मायकनची सरासरी त्या हंगामात २३.८वर आली आणि गुणांचं विजेतेपद फिलाडेल्फियाच्या पॉल अरिझिनकडे गेलं. गंमत म्हणजे त्याच हंगामात, २० जानेवारी १९५२ला, रॉचेस्टरविरुद्ध मायकनने कारकिर्दीतले सर्वाधिक ६१ गुण केले. आणि लेकर्स पुन्हा विजेते. पट्टा रुंद झाल्याने आत जागा मोकळी झाली, त्यात पोलार्ड आणि मार्टिन घुसू लागले. मला हा भाग फार आवडतो. नियम एका माणसाला आवरायला केला आणि त्याने सगळा खेळच मोकळा केला. पुढे विल्ट चेंबरलेन हा दुसरा महाकाय खेळाडू आला, तेव्हा १९६४ला एनबीएने हा पट्टा आणखी वाढवून सोळा फुटांचा केला.

एक प्रयोग मात्र फसला. ७ मार्च १९५४ला लेकर्स आणि मिलवॉकी हॉक्स यांनी एक सामना चक्क बारा फूट उंचीवरच्या रिंगांवर खेळून पाहिला. उंच माणसाचा फायदा कमी होईल, अशी कल्पना. झालं असं, की सगळ्यांचेच नेम चुकले, आणि चुकलेला चेंडू परत मिळवायला पुन्हा उंच माणूसच पुढे. ती कल्पना तिथेच संपली.

चोवीस सेकंदांच्या घड्याळाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि तिचं सगळं श्रेय किंवा खापर मायकनवर टाकणं चूक ठरेल. तरी सुरुवात त्याच्या संघाच्याच मैदानावर करावी लागते. २२ नोव्हेंबर १९५०, मिनिआपोलिस ऑडिटोरियम. पाहुणा संघ फोर्ट वेन पिस्टन्स. त्यांचे कोच मरे मेंडेनहॉल यांनी विचार केला, की लेकर्सशी त्यांच्या मैदानावर नेहमीसारखं खेळलं तर हार ठरलेली. मायकनला रोखता येत नाही, मग त्याच्या हाती चेंडूच जाऊ द्यायचा नाही. चेंडू किती वेळ जवळ ठेवायचा याला नियमात मर्यादा नव्हती. म्हणून पिस्टन्सच्या खेळाडूंनी चेंडू घेतला आणि नुसता धरून ठेवला. आपसांत फिरवला, पुन्हा धरला. लेकर्स मागे रिंगपाशी वाट बघत उभे. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, पाय आपटले, काही उपयोग झाला नाही. मध्यंतराला लेकर्स १३-११ने पुढे. तिसऱ्या सत्राअखेर १७-१६. चौथ्या सत्रात दोन्ही संघ मिळून गुण झाले चार. अगदी शेवटच्या काही सेकंदांत लॅरी फाउस्टने मायकनच्या हातावरून चेंडू टाकला, तो आत गेला आणि पिस्टन्स १९-१८ने जिंकले.

एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत कमी गुणांचा सामना. दोन्ही संघांचे मैदानी गोल, म्हणजे फ्री थ्रो सोडून चालू खेळात आत गेलेले चेंडू, चार-चार. लेकर्सचे चारही मायकनचेच, फ्री थ्रो धरून १८पैकी १५ गुण त्याचे. म्हणजे एवढं करूनही पिस्टन्सना त्याला थांबवता आलं नव्हतंच, त्यांनी फक्त खेळ थांबवला होता.

पुढची काही वर्षं ही खोड लीगभर पसरली. आघाडी मिळाली की चेंडू धरून बसायचं. मागे पडलेल्या संघाला चेंडू मिळवायचा तर मुद्दाम फाऊल करायचा. मग फ्री थ्रोंची रांग. मार्च १९५३मध्ये बॉस्टन आणि सिराक्यूज यांचा चार जादा डाव चाललेला बाद फेरीचा सामना झाला, त्यात बॉब कूझीने ५० गुण केले आणि त्यातले ३० फ्री थ्रोचे होते. तिकीट काढून आलेल्या माणसाला दोन-अडीच तास बहुतेक वेळ उभ्या असलेल्या खेळाडूने निवांत नेम धरताना बघावं लागायचं.

आपल्याला हे समजायला कबड्डी पुरते. चढाई करणारे नुसते रेषेला पाय लावून परत येऊ लागले की सामना मरतो, म्हणून सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारा बाद, असा नियम प्रो कबड्डीत आला. बास्केटबॉलचं दुखणं अगदी हेच होतं.

औषध काढलं सिराक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन आणि त्यांचे व्यवस्थापक लिओ फेरिस यांनी. त्यांचा हिशेब कागदावर दोन ओळींचा आहे. लोकांना आवडलेल्या सामन्यांत दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा रिंगकडे चेंडू टाकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. भागाकार करा, २४ येतात. चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत तो रिंगकडे गेला पाहिजे, नाहीतर समोरच्याचा. १९५४-५५पासून हा नियम लागू झाला आणि संघांची सरासरी एका वर्षात ७९.५ गुणांवरून ९३.१वर गेली. लीग वाचली ती या घड्याळामुळे, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

मायकन त्या हंगामाच्या आधीच निवृत्त झाला होता. तिशीचाच होता, पण शरीराची चाळण झालेली, घरी मुलं लहान, आणि दरम्यान त्याने डीपॉलमधून कायद्याची पदवीही घेतली होती. १९५५-५६मध्ये तो थोड्या काळासाठी परतला. ३७ सामने, सरासरी १०.५. घड्याळाने खेळाला पाय फुटले होते आणि रिंगपाशी स्थिरावून चेंडूची वाट बघायला आता सवड नव्हती. त्याने पुन्हा बूट काढून ठेवले ते कायमचे.

त्याच्या थोरवीची मोजणी करताना एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. मायकनच्या पहिल्या वर्षांत बीएए आणि मग एनबीएचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होते. त्यातले कित्येक उत्तम खेळाडू हार्लेम ग्लोबट्रॉटर्सकडून गावोगाव खेळत फिरायचे. १९४८च्या फेब्रुवारीत शिकागो स्टेडियममध्ये लेकर्स आणि ग्लोबट्रॉटर्स समोरासमोर आले. १७,८२३ माणसं बघायला होती. मायकनला रोखायला गूज टेटम आणि त्याचे सहकारी दोन-दोन, तीन-तीन जण गोळा होत होते, आणि एर्मर रॉबिन्सनने शेवटच्या क्षणी लांबून टाकलेल्या चेंडूवर ग्लोबट्रॉटर्स ६१-५९ने जिंकले. पुढच्या वर्षीही त्यांनी लेकर्सना हरवलं. ज्यांना लीगमध्ये प्रवेशच नाही ते लीगमधल्या सर्वांत बलाढ्य संघाला हरवतात, यानंतर त्यांच्या कुवतीबद्दल बोलायला तोंड कुणाला उरलं? १९५०मध्ये चक कूपर, अर्ल लॉइड आणि नॅट क्लिफ्टन एनबीएत आले. मायकनचे विक्रम खरे आहेत, त्याची मेहनत खरी आहे, पण त्याने ज्या लीगवर राज्य केलं तिच्याबाहेर त्याच्या तोडीची माणसं मुद्दाम ठेवली गेली होती, हे विक्रमांच्या शेजारीच लिहिलं गेलं पाहिजे.

निवृत्तीनंतरचं पर्व भराभर सांगता येईल. १९५६ला मिनेसोटातून रिपब्लिकन पक्षातर्फे अमेरिकी संसदेची निवडणूक लढवली, हरला. १९५७-५८ला लेकर्सचा कोच झाला, ९ विजय आणि ३० पराभवांनंतर बाजूला झाला. १९५९ला नेस्मिथच्या नावाच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिल्याच तुकडीत त्याचा समावेश झाला. मिनिआपोलिसमध्ये वकिली केली.

आणि १९६७ला तीन गुणांची रेघ. त्या वर्षी एनबीएला टक्कर द्यायला अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एबीए, सुरू झाली आणि तिने मायकनला आपला पहिला आयुक्त नेमलं. त्याने दोन गोष्टींचा आग्रह धरला. पहिली म्हणजे लाल-पांढरा-निळा चेंडू. दुरून आणि टीव्हीवर तपकिरी चेंडू नीट दिसत नाही ही त्याची तक्रार, आणि जन्मभर जाड चष्मा वापरलेल्या माणसाला ती सुचावी यात नवल नाही. दुसरी म्हणजे लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण. कल्पना त्याची स्वतःची नव्हती, ग्लोबट्रॉटर्सच्या एब सॅपरस्टीन यांनी १९६१ला आपल्या अल्पायुषी लीगमध्ये ती आणली होती. पण ती रुजली एबीएत. मायकनचं म्हणणं असं, की यामुळे कमी उंचीच्या खेळाडूला संधी मिळेल, रिंगखालची गर्दी पांगेल आणि प्रेक्षक खुर्चीतून उठतील.

त्याने हे सुचवावं याचं मला मनापासून कौतुक वाटतं. रिंगखालची जागा किती मोलाची आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तिथली गर्दी हटवायची तर बाहेर मोठं आमिष ठेवावं लागेल हेही त्यालाच नेमकं कळलं. त्याने १९६९ला पद सोडलं, एबीए १९७६ला विरली, पण १९७९ला एनबीएने ती रेघ स्वीकारली. आज लांबून नेम धरण्यात नावाजलेला स्टीफन करी जिथून चेंडू टाकतो, त्या अंतराला किंमत मिळवून देणाऱ्यांत हा ६ फूट १० इंचांचा हुक शॉटवाला आहे.

शेवटची वर्षं कठीण गेली. मधुमेहाने गाठलं. २०००मध्ये उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस सुरू झालं. उपचारांच्या खर्चापायी जपून ठेवलेल्या खेळातल्या वस्तू विकायची वेळ आली. एनबीएकडून मिळणारी पेन्शन होती महिन्याला १,७०० डॉलरच्या आसपास. १९६५च्या आधी निवृत्त झालेल्या खेळाडूंना नंतरच्यांच्या तुलनेत फारच कमी पेन्शन होती. मायकनने हा प्रश्न स्वतःपुरता ठेवला नाही, जुन्या सगळ्या खेळाडूंसाठी तो शेवटपर्यंत लीगशी भांडत राहिला. २००१ला मिनिआपोलिसच्या टार्गेट सेंटरमध्ये त्याचा हुक शॉटच्या पवित्र्यातला पुतळा बसवला गेला. १ जून २००५ला ॲरिझोनात तो गेला. अंत्यसंस्काराचा खर्च शकील ओनील या नंतरच्या पिढीतल्या धिप्पाड खेळाडूने उचलला, कारण उंच माणसांसाठी या खेळात जागा कुणी केली हे तो जाणून होता. लॉस एंजेलिस लेकर्सने मायकनचा ९९ नंबर ३० ऑक्टोबर २०२२ला सन्मानाने निवृत्त केला, तेव्हा त्याला जाऊन सतरा वर्षं झाली होती. हा सन्मान त्याचा हक्काचाच होता. पण पुतळा आणि नंबर यांच्या कितीतरी आधी, तो हयात असताना, त्याच्या पिढीच्या पेन्शनचा प्रश्न सुटायला हवा होता. एनबीएकडे तेव्हाही पैशाला तोटा नव्हता.